नागपूरच्या उन्हाळ्यासाठी गेमिंग संगणकाचे कॅबिनेट निवडताना

संगणक जुळवून घ्यायचा ठरला की कागदावर जी यादी तयार होते, तिच्यात कॅबिनेट, म्हणजे सगळे सुटे भाग ज्यात बसतात ती पेटी, बहुधा सर्वांत खाली असते. प्रोसेसर, खेळातील चित्रे तयार करणारे ग्राफिक्स कार्ड, सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि सर्वांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांवर पैसे खर्च झाल्यावर जे काही उरेल त्यात बसणारे आणि दिसायला बरे असणारे कॅबिनेट घ्यायचे, असा साधारण रिवाज आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्यासाठी आणि माझ्यासाठी मिळून एक गेमिंग संगणक जुळवताना मी हा क्रम जाणूनबुजून बदलला. यादीतील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरल्याबरोबर तिसरी निवड कॅबिनेटची केली आणि बाकीचे सुटे भाग त्यानंतर ठरवले. त्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण टिकाऊपणाचे. एटीएक्स हे मदरबोर्डाचे माप इंटेलने १९९५ साली आणले. ३०५ बाय २४४ मिलिमीटरच्या त्या बोर्डावरील स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आजही त्याच आहेत. प्रोसेसरचे सॉकेट बदलते, रॅमची पिढी बदलते, कार्ड चार-पाच वर्षांत जुने वाटू लागते. परंतु नीट निवडलेले कॅबिनेट दोन-तीन संगणकांचे संसार पाहू शकते. दुसरे कारण नागपूरचे हवामान हे होते, आणि या लेखात मुख्यतः त्याबद्दलच लिहायचे आहे.

आमची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत तर रात्री दहा वाजताही भिंतींना हात लावला की त्या तापलेल्या लागतात. खोलीत वातानुकूलन यंत्र नाही. खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर आहे, आणि तो जोरात चालू असला तरी भर दुपारी खोलीतील तापमान ३३ ते ३६ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. या खोलीत जो संगणक ठेवायचा होता त्यात रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० सुपर हे तीन पंख्यांचे कार्ड होते. कार्डाचा घोषित वीजवापर २२० वॅट आहे आणि प्रोसेसर पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, एसएसडी आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली तर खेळ चालू असताना त्या पेटीत सुमारे ३०० वॅट उष्णता सतत निर्माण होणार, हे गृहीत धरणे भाग होते.

ही उष्णता बाहेर काढण्यासाठी किती हवा लागते, याचा हिशेब मी दुकानात जाण्यापूर्वी घरीच मांडला, आणि माझ्या मते कॅबिनेट घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा मांडून पाहावा. आत येणारी हवा बाहेर जाईपर्यंत फक्त १० अंशांनी तापावी अशी आपली अपेक्षा असेल, तर ३०० वॅटसाठी मिनिटाला दीड घनमीटरपेक्षा थोडी अधिक हवा कॅबिनेटमधून वाहून गेली पाहिजे. १२० मिलिमीटरच्या एका बऱ्या पंख्याच्या खोक्यावर जवळपास एवढाच आकडा छापलेला असतो. पण तो पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. त्याच्यासमोर जाळी, तिच्यामागे धूळ अडवणारी गाळणी आणि आत केबलींची व कार्डाची अडगळ आली की प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. शिवाय पंखा पूर्ण वेगाने फिरवला तर त्याचा आवाज सहन होत नाही. म्हणजे कमी वेगात काम भागवायचे असेल तर आत हवा घेणारे दोन-तीन पंखे हवेत आणि त्यांच्यासमोरचा मार्ग मोकळा हवा. एवढ्या साध्या गणिताने बाजारातील अर्धी कॅबिनेटे माझ्या यादीतून गळाली.

दुसरी गोष्ट परीक्षणांतील आकड्यांची. परदेशी चाचण्या बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. पंख्याने वारा घालून कोणताही भाग खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे तेथे ६५ अंशांवर राहणारे कार्ड आमच्या ३६ अंशांच्या खोलीत त्याच कॅबिनेटमध्ये ७६ ते ८० अंशांकडे जाणार, हे उघड आहे. रायझन ५ ७६०० साठी उत्पादकाने सांगितलेली कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि आरटीएक्स ४०७० सुपरसाठी ९० अंश. थंड देशात जे कॅबिनेट मर्यादेपासून २५ अंश दूर असते, ते आपल्याकडे १० अंशांवर येऊन ठेपते. चांगले परीक्षक म्हणूनच थेट तापमान न देता खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त, एवढा फरक देतात. मी तेवढेच आकडे वहीत उतरवून घेतले आणि प्रत्येकात ३६ मिळवून पाहिले.

भाच्याला हे सगळे पटत होते, परंतु त्याच्या मनात काचेचे कॅबिनेट भरले होते. समोर काच, बाजूला काच, आत रंगीत दिवे आणि कार्ड उभे लावलेले. ‘मावशी, एवढं महागाचं कार्ड घ्यायचं आणि ते दिसणारच नसेल तर काय उपयोग?’ हा त्याचा प्रश्न मला अजिबात बालिश वाटला नाही. आपण स्वतःच्या हातांनी जुळवलेली वस्तू डोळ्यांसमोर असावी, ही इच्छा रास्त आहे, आणि अनेक वर्षे टेबलावर राहणारी वस्तू सुंदर असावी हेही मला मान्य आहे. तेव्हा मत देऊन त्याला गप्प करण्यापेक्षा प्रयोग करून पाहणे योग्य ठरले. त्याच्या एका मित्राकडे समोरून पूर्ण काच असलेले कॅबिनेट होते. त्याच्या पुढच्या भागात हवा घेण्यासाठी काचेच्या कडेने दीडएक सेंटिमीटरची फट होती आणि त्या फटीतून तीन पंखे हवा ओढत होते. त्या मित्राच्या परवानगीने आम्ही एक खेळ अर्धा तास चालू ठेवला, कार्डाचे तापमान स्थिर झाल्यावर ते लिहून घेतले, मग पुढची काच काढून बाजूला ठेवली आणि तोच खेळ तसाच चालू ठेवला. थोड्या वेळात कार्ड ८ अंशांनी उतरले आणि त्याच्या पंख्यांचा आवाज स्पष्टपणे कमी झाला. पंखे तेच होते, खोली तीच होती. बदलली होती ती केवळ समोरची काच. भाच्याचा विचार तेथेच बदलला. ज्यांच्याकडे आधीपासून एखादे कॅबिनेट आहे त्यांनी नवे घेण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करावा. पुढचा भाग काढल्यावर एक-दोन अंशांचाच फरक पडत असेल तर त्या कॅबिनेटमध्ये हवेच्या वाटेचा दोष नाही, असे समजायला हरकत नाही.

एकाच सांगाड्याला वेगवेगळे चेहरे लावून विकण्याची पद्धत या धंद्यात रूढ आहे आणि ती समजून घेणे फार उपयोगी पडते. कोर्सेअरने २०२० साली आणलेले ४००० डी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. साध्या ४००० डीच्या समोर सपाट पोलादी पत्रा आहे, तर ४००० डी एअरफ्लो या आवृत्तीत त्याच जागी त्रिकोणी छिद्रांचा पत्रा आणि त्यामागे गाळणी आहे. आतली मापे, पंख्यांच्या जागा, काच, सगळे सारखे. दुकानात कोणी नुसते ‘४००० डी’ म्हणून दाखवले तर समोरचा पत्रा पाहिल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. इतर कंपन्यांच्या नावांतही ‘मेश’, ‘फ्लो’ किंवा ‘एअर’ असा एखादा शब्द जोडलेला असतो. त्या शब्दावर विसंबून न राहता तो पत्रा हातात घेऊन पाहावा, हे मी लवकरच शिकले.

अलीकडे ज्याला लोक फिशटँक म्हणतात, तो दोन बाजूंना काच असलेला प्रकारही आम्ही विचारात घेतला. २०१८ मधील लियान ली ओ ११ डायनॅमिकपासून या घडणीला मोठी लोकप्रियता मिळाली. यात समोरून हवा येत नाही. ती तळातून आणि बाजूने घ्यावी लागते. तळाचे पंखे थेट कार्डाला ताजी हवा देतात, त्यामुळे सर्व जागा पंख्यांनी भरल्या तर ही रचना चांगले काम करते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अशी बरीच कॅबिनेटे पंख्यांशिवाय येतात, सात ते दहा पंखे वेगळे घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च कॅबिनेटच्या किमतीच्या घरात जातो. शिवाय तळातून हवा घेणारे कॅबिनेट आमच्याकडच्या धुळीत ठेवणे मला पटले नाही. उन्हाळ्यात खिडक्या-दारे बंद असली तरी कूलर बाहेरचीच हवा आत ढकलत असतो. तिच्याबरोबर येणारी बारीक धूळ ओलसर असते आणि पृष्ठभागाला धरून बसते.

प्रत्यक्ष पाहणीसाठी आम्ही आधी नागपूरच्या सीताबर्डीतील, म्हणजे बर्डीतील, दुकाने पालथी घातली. बर्डीत कॅबिनेटांचा साठा बरा असतो, पण त्यातील मोठा भाग तीन ते पाच हजारांच्या गटातील, चार रंगीत पंखे बसवलेल्या कॅबिनेटांचा असतो, कारण मागणी त्यांनाच आहे. पुढे कामानिमित्त मुंबईला जाणे झाले तेव्हा ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर वेळ काढून फिरले. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकवाले त्याला जुन्याच नावाने ओळखतात. तेथे निवड मोठी होती आणि काही दुकानदारांनी खोक्यातून काढून ठेवलेले नमुने मनमोकळेपणाने हाताळू दिले. माझी तपासणीची पद्धत साधी होती. पुढचा पत्रा सुटा करून घ्यायचा, त्यामागे मोबाइलचा टॉर्च लावून धरायचा आणि प्रकाश किती पलीकडे येतो ते पाहायचे. काही ठिकाणी बाहेरून सुंदर जाळी दिसत होती, परंतु तिच्यामागे प्लॅस्टिकचा सलग तुकडा होता आणि पंख्यांसमोर केवळ अरुंद खाचा सोडलेल्या होत्या. खोक्यावरच्या चित्रात हे कधीच कळत नाही.

पंख्यांच्या बाबतीत मला ठामपणे सांगावेसे वाटते की त्यांची संख्या पाहून भुलू नये. स्वस्त कॅबिनेटमध्ये चार पंखे फुकट मिळतात असे दिसते, पण त्यांची वायर कोठे जोडली जाते ते पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती थेट एसएमपीएसच्या मोलेक्स नावाच्या वीजजोडणीला जाते आणि पंखा सदैव एकाच वेगाने फिरतो; किंवा ती सहा पिनांच्या, केवळ त्या कंपनीच्याच लहानशा हबमध्ये, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडणाऱ्या पट्टीत, बसते. अशा पंख्यांचा वेग मदरबोर्ड तापमानानुसार कमी-जास्त करू शकत नाही आणि एक पंखा बिघडला तर बाजारातील दुसरा तेथे लागत नाही. चार पिनांचा पंखा असेल तर उत्तम. तीन पिनांचा असला तरी मदरबोर्ड विद्युतदाब बदलून त्याचा वेग सांभाळू शकतो. एका जोडणीवर किती पंखे लावता येतील यालाही मर्यादा असते. बहुतेक मदरबोर्डांवर ती एक अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते, आणि दिव्यांच्या पंख्यांना दुभाजक (एका जोडणीवर अनेक पंखे लावणारी केबल) लावताना हा आकडा तपासून घेतलेला बरा.

यानंतर मापांचा भाग आला, आणि यात सर्वांत जास्त वेळ गेला याचे मला समाधान आहे. कार्ड हाती येण्यापूर्वीच त्याची लांबी, उंची आणि जाडी कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊन मी पुठ्ठ्याचा तेवढाच ठोकळा तयार केला. आमच्या कार्डाची लांबी ३१० मिलिमीटरच्या आसपास होती. कॅबिनेटवर ‘३६० मिलिमीटरपर्यंतचे कार्ड बसते’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा समोरच्या बाजूस आत पंखा बसवून दिला आहे की मोकळ्या अवस्थेत, हे विचारावे लागते. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर असते. समोर प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या कूलरचा रेडिएटरही लावायचा असेल तर साधारण २७ मिलिमीटर आणखी जातात, आणि मग ३६० मधून एकदम ३०८ उरतात, म्हणजे आमचे कार्ड बसलेच नसते. म्हणून रेडिएटरचा विचार आम्ही आरंभीच सोडला आणि प्रोसेसरवर बसणारा, हवेवर चालणारा १५५ मिलिमीटर उंचीचा साधा टॉवर कूलर घेतला. पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत जात असला तरी कागदोपत्री ६५ वॅट श्रेणीच्या या प्रोसेसरला त्याहून अधिक काही लागत नाही, आणि पंप, नळ्या व पाणी यांची काळजी ४५ अंशांच्या गावात वाढवून घेण्याचे कारण मला दिसले नाही.

लांबीइतकेच महत्त्वाचे दुसरे माप लोक विसरतात: कार्डाची वरची कड आणि बाजूची काच यांमधील जागा. आमच्या कार्डाला १६ पिनांची नवी वीजजोडणी होती. ही केबल जोडणीतून बाहेर आल्यानंतर सुमारे ३५ मिलिमीटर सरळ राहावी आणि मगच वळावी, अशी शिफारस केली जाते, कारण लगेच दाबून वळवल्यास पिना नीट बसत नाहीत आणि जोडणी तापू शकते. अरुंद कॅबिनेटमध्ये काच लावतानाच ती केबल दाबली जाते. मी पुठ्ठ्याच्या ठोकळ्यावर केबलच्या जागी ३५ मिलिमीटर लांबीची काडी चिकटवली होती, आणि दुकानात ठोकळा आत धरून काच लावून पाहिली की उत्तर लगेच मिळत असे. एका दुकानदाराने हे पाहून, ‘ताई, हे माप घेऊन आजपर्यंत कोणी आलं नाही,’ असे म्हणत स्वतःच आणखी दोन कॅबिनेटांच्या काचा उघडून दिल्या.

धुळीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. हवा आत घेणाऱ्या पंख्यांची एकत्रित क्षमता बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा जास्त ठेवली तर कॅबिनेटच्या आत हवेचा किंचित जास्त दाब राहतो, आणि फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. याचा अर्थ आत येणारी जवळजवळ सगळी हवा गाळणीतूनच येते. उलट, बाहेर फेकणारे पंखे जास्त असतील तर कार्डांच्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या मागच्या पट्ट्या, केबलींची छिद्रे, यूएसबीच्या कडा अशा सर्व ठिकाणांहून न गाळलेली धूळ आत ओढली जाते. आमच्यासाठी तीन पंखे समोरून आत आणि एक मागून बाहेर, ही रचना मी आधीच नक्की केली होती, आणि म्हणून समोरच्या तिन्ही पंख्यांपुढे तसेच एसएमपीएसच्या तळाशी सहज निघणारी, धुता येणारी गाळणी असणे ही माझी अट होती. गाळणी काढण्यासाठी संगणक आडवा करावा लागत असेल तर ती साफ केली जात नाही, हा घराघरांतला अनुभव आहे. जाळीची छिद्रे आणि मागील बाजूच्या मोकळ्या जागा पाहण्याचे आणखी एक कारण आपल्याकडे असते, ते म्हणजे पाली आणि मुंग्या. मागच्या बाजूला पट्टी नसलेली एखादी उघडी जागा पालीला पुरते, आणि ती एसएमपीएसपर्यंत पोहोचली तर नुकसान मोठे होते. काही स्वस्त कॅबिनेटांत या पट्ट्या पत्र्यातूनच कापलेल्या असतात. एकदा मोडल्या की परत लावता येत नाहीत आणि कापलेल्या कडेला दमट हवेत गंज धरतो. स्क्रूने बसणाऱ्या, पुन्हा लावता येणाऱ्या पट्ट्या आहेत की नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून मला कॅबिनेट बनवणाऱ्याच्या दृष्टीची कल्पना येऊ लागली.

बाकीच्या गोष्टी तुलनेने लवकर उरकल्या. समोर टाइप-सी यूएसबी असेल तर मदरबोर्डावर तिची जोडणी आहे का ते पाहावे, नाहीतर ते छिद्र शोभेचे राहते. मदरबोर्डामागे केबलींसाठी २० ते २५ मिलिमीटर जागा असली की मागचा पत्रा ढकलून बंद करावा लागत नाही. पत्रा हाताने दाबून पाहावा. फार वाकत असेल तर पुढे पंख्यांची थरथर ऐकू येते.

शेवटी निवड ४००० डी एअरफ्लोवरच येऊन थांबली. त्यात ३६० मिलिमीटरपर्यंतचे कार्ड आणि १७० मिलिमीटर उंचीपर्यंतचा प्रोसेसर कूलर बसतो. समोर १२० मिलिमीटरचे तीन पंखे लावता येतात. मूळचे दोन पंखे तीन पिनांचे असून त्यांचा वेग मदरबोर्ड सांभाळतो. त्याच्या एका बाजूला काच आहे, त्यामुळे भाच्याचे कार्ड दिसते आणि हवेची वाटही अडत नाही. त्याच किमतीत जास्त पंखे व जास्त दिवे असलेली कॅबिनेटे मिळत होती, आणि ती नाकारताना भाच्याला वाईट वाटले असणार. पण दोन पंखे स्वतंत्र विकत घेऊन समोरच्या जागा आम्ही भरल्या, आणि त्याच्या हौसेसाठी आत एक दिव्यांची पट्टी लावली. वाऱ्याला अडथळा न करता सजावट करता येत असेल तर ती जरूर करावी.

कॅबिनेट मुंबईहून रेल्वेने आणण्याचा मोह झाला होता, कारण किंमत थोडी कमी होती. परंतु सात-आठ किलोचे, काच असलेले मोठे खोके गर्दीच्या डब्यात सांभाळणे धोक्याचे होते, म्हणून मी ते नागपुरातच, बर्डीतील दुकानदाराला सांगून मागवून घेतले. खोके उघडताना दुकानातच काच आणि चारही कोपरे पाहिले, आणि उघडतानाचे चित्रीकरणही करून ठेवले, कारण काच तडकलेली निघाली तर बदलून मागताना ते उपयोगी पडते. टेम्पर्ड काच मध्यभागी मजबूत असते, पण तिच्या कडा नाजूक असतात. कड फरशीच्या कठीण पृष्ठभागावर जराशी आपटली तरी सगळ्या काचेचा चुरा होऊ शकतो. घरी काम करताना आम्ही जमिनीवर दुहेरी सतरंजी अंथरली, काच सर्वांत आधी काढून पलंगावर आडवी ठेवली, आणि सगळे जुळवून, चालवून, तपासून झाल्यावरच ती परत लावली.

जुळवणी सुरू करण्यापूर्वी मी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतील सॉकेटचे अर्थिंग तपासून घेतले, आणि कॅबिनेटच्या निवडीइतकेच हे महत्त्वाचे मानते. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे जे संधारित्र (कपॅसिटर) असतात, ते धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर सांगाड्यावर अल्प विद्युतप्रवाह येतो, आणि अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लोक त्याला ‘कॅबिनेट करंट मारतंय’ असे म्हणून कॅबिनेट बदलतात, पण दोष भिंतीतल्या तारेचा असतो. आमच्या सॉकेटमधील अर्थिंगची तार सैल निघाली आणि ती घट्ट केल्यावरच पुढचे काम केले.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. खोलीतील तापमापक ३६ अंश दाखवत असताना, कूलर चालू आणि दार बंद ठेवून, दोन तास खेळ चालवल्यानंतर कार्ड ७५ अंशांच्या आसपास स्थिरावले आणि प्रोसेसर त्याहून थोडा खाली राहिला. समोरचा पत्रा काढून पुन्हा पाहिले, तेव्हा जेमतेम दोन अंशांचा फरक पडला. मित्राच्या कॅबिनेटमध्ये पडलेल्या ८ अंशांशी तुलना करता हा आकडा पाहून भाचा स्वतःच समाधानाने हसला. मात्र एक गोष्ट कोणतेही कॅबिनेट करू शकत नाही, हेही याच महिन्यात स्पष्ट दिसले. पेटीतून बाहेर आलेले ३०० वॅट शेवटी खोलीतच येतात. दार-खिडकी पूर्ण बंद असेल तर खोली हळूहळू तापत जाते, तीच तापलेली हवा पुन्हा समोरून आत जाते आणि सगळे आकडे एकत्र वर सरकतात. त्यासाठी कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवून हवेला बाहेर जायला वाट करून द्यावी लागते.

कॅबिनेट आम्ही जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवले आहे. कूलरचा झोत त्यावर थेट येणार नाही अशी जागा निवडली, कारण ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की पंख्यांच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरील कूलरच्या पातळ पट्ट्यांवर तिचा चिकट थर बसतो, आणि तो ब्लोअरनेही नीट निघत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी समोरची गाळणी काढून नळाखाली धुतो आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत लावतो. महिनाभर धुतली नाही तर कार्ड चार-पाच अंशांनी जास्त तापते, हे आम्ही मोजून पाहिले आहे. पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा धुणे पुरते. या गाळण्या सुट्या मिळणे मात्र अवघड जाते. कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनी कॅबिनेटबरोबर गाळणीचा एक जास्तीचा संच द्यावा किंवा तो वेगळा विकावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे, कारण आपल्या हवेत सर्वांत आधी झिजणारा भाग तोच असतो. तोवर मी बारीक नायलॉनची जाळी आणून मूळ गाळणीच्या मापाने कापून ठेवली आहे, आणि येत्या मार्चमध्ये ती लावून तापमानात किती फरक पडतो हे आधी तपासणार आहे.